शिरीषाचा चुलतभाऊ

रोलिंग मिलचा नवा गिअरबॉक्स बसवायला
चीनवरून आलेला तांग
जालन्याच्या एमआयडीसीत सत्तावीस दिवस राहिला.
ठेच्याला घाबरायचा. ज्वारीची भाकरी मात्र
कागदासारखी गुंडाळून
नुसतीच खायचा.

रात्रपाळीत क्रेन थांबली की आम्ही
गेटाजवळच्या शिरीषाखाली बसायचो.
एप्रिल लागलेला. फांद्यांवर नवी फुलं
आणि गेल्या साली वाळलेल्या शेंगाही तशाच,
वारं सुटलं की खुळखुळ, खुळखुळ.
मला तो आवाज सोसत नाही.
मी कामगार आहे, झाडाची तक्रार कुणाकडे करू?

तांगनं खाली पडलेलं एक फूल उचललं,
पावडरच्या पफसारखं,
आणि मोबाईलशी काही बोलला.
मोबाईल बाईच्या आवाजात हिंदी बोलायचा.
त्यातून मला कळलं ते एवढं:
त्याच्या गावी या झाडाचा चुलतभाऊ आहे, गुलाबी फुलांचा.
नाव त्याचं मिळून-आनंद.
रात्री पानं जोडीजोडीनं मिटतात, म्हणून.
फुलं सावलीत वाळवायची, उकळत्या पाण्यात टाकायची,
ज्याची झोप मोडते त्याला द्यायची.
ज्या घरात दोघं बोलत नाहीत
तिथंही.

मी म्हटलं, आमच्याकडे शिरीष विषावर.
काकाला इंचू चावला तेव्हा अंबडच्या वैद्यानं
साल उगाळून लावली होती.
झोपेचं कुणी काही सांगितलं नाही.
तांगनं मान हलवली,
ती हो होती की नाही, कळलं नाही.

त्याला मी कधी सांगितलं होतं?
बहुतेक क्रेनच्या शिडीवर, दुसऱ्या की तिसऱ्या रात्री,
की बायकोला तीनला जाग येते.
रोज. गजर लावल्यासारखी.
तो बोटांवर मोजत बसला.
त्यांच्यात रात्रीचे तास अवयवांना वाटून दिलेले असतात म्हणे,
वतनदारांना गावं द्यावीत तसे.
मोबाईल खणखणीत आवाजात म्हणाला,
"आपकी पत्नी का फेफड़ा उदास है."
चहावाला अनीस हसला. मीही हसलो,
मग दोघंही गप्प झालो.

जाताना तांगनं पुडी दिली.
वाळलेली फुलं, जुन्या दोऱ्याच्या गुंत्यासारखी,
आणि थोड्या बिया, तांबूस, चपट्या.
बोरीच्या जातीच्या, म्हणाला.
आम्ही बोराच्या आठोळ्या थुंकतो
बांधाबांधावर!

सकाळी सातला चंदनझिऱ्यात घरी आलो.
चंद्रकला ओट्यावर बसलेली,
डोळे चुलीतल्या राखेसारखे.
पातेलं मीच ठेवलं. लग्नानंतर पहिल्यांदा बहुतेक.
फुलं फुगली, पाणी फिकट पिवळं झालं,
वास आला तो
पेटीत ठेवून दिलेल्या कपड्यांचा.

तिनं फुंकर मारली. घोट घेतला.
"कडू न्हाई," म्हणाली.
अजून एक घोट.
मग पेल्यात बघतच,
चार वर्षांत कधी नाही ते,
"त्या खुळखुळ्याचं काय केलंत?"

सातवा महिना होता तेव्हा
गांधी चमनपाशी घेतला होता, लाल, लाकडी.
बाळ घरी आलं नाही.
घर आवरताना तो कुठं गेला
हे ती विचारत नव्हती आणि मी सांगत नव्हतो.

"क्रेनच्या केबिनमधे आहे," मी म्हटलं.
"खिळ्याला. लोखंड उचललं की वाजतो."
तिनं कामून म्हणून विचारलं नाही.
उरलेलं पाणी
माझ्या पेल्यात ओतलं.

त्या रात्री तीनला मी वरून बघितलं.
गेटाजवळ शिरीषाची पानं मिटलेली,
शेंगा मात्र जाग्या.
घरी काय झालं असेल?
सकाळी मी विचारलं नाही.
झोप लागली असं ती म्हणाली नाही.
पुडीतली चार फुलं कमी होती,
आणि पातेल्यात
दोघांपुरतं पाणी.